एका नळीची गोष्ट

पित्ताशयातले खडे हल्ली घरोघरी ऐकू येतात. बायकांना तर हा त्रास जास्तच. बहुतेक जणी ऑपरेशन करून दोन-चार दिवसांत घरी येतात. अँथनी ईडन यांच्या नशिबी मात्र ते नव्हतं.

१८९७ साली जन्मलेले ईडन अवघ्या ३८व्या वर्षी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले. देखणे, रुबाबदार आणि चर्चिल यांचे वारसदार! १९५२ मध्ये चर्चिल यांची पुतणी क्लॅरिसा हिच्याशी त्यांनी दुसरं लग्न केलं.

एप्रिल १९५३ मध्ये लंडनला त्यांचं पित्ताशय काढलं. तेव्हा यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला इजा झाली. पित्त गळू लागलं. त्याच महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं, तरी गुण येईना. अखेर जूनमध्ये अमेरिकेत बोस्टनला डॉ. रिचर्ड कॅटेल यांनी ती नळी लहान आतड्याला जोडून दिली. जीव वाचला. पण त्याच महिन्यात चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि त्यांची जागा घेणारा माणूस साता समुद्रापार अंथरुणावर होता!

१९५५ मध्ये ईडन पंतप्रधान झाले. दुखण्याने मात्र पाठ सोडली नाही. अशी जोडलेली जागा पुढे आक्रसू शकते. मग पित्त तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि थंडी वाजून ताप भरतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये ईडन आजारी क्लॅरिसाला भेटायला हॉस्पिटलात गेले आणि तापाने फणफणून स्वतःच तिथे भरती झाले. त्याच महिनाअखेर सुएझचं युद्ध पेटलं. त्यांच्या निर्णयांवर आजाराचा आणि औषधांचा किती परिणाम झाला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी बोस्टनला आणखी एक ऑपरेशन झालं, १९७० मध्ये पुन्हा एक. तरीही ईडन ७९ वर्षं जगले. १९७७ मध्ये गेले ते कॅन्सरने.

मैत्रिणींनो, आता आक्रसलेला जोड फुग्याने रुंद करता येतो, बारीक नळी घालता येते. दरवेळी पोट उघडावं लागतंच असं नाही. मात्र वेळेवर जायला हवं. असं ऑपरेशन झालेल्या कुणाला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर काविळीची माळ घालून वाट बघू नका. ऑपरेशनला दहा वर्षं उलटली असली तरी जुनी फाइल घ्या आणि थेट सर्जन गाठा.