कॉर्नेलिया सोराबजी : परीक्षा उत्तीर्ण, प्रवेश नाकारलेला

भारतातील पहिल्या महिला विधिज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते, तर आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा स्थापन केल्या.

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. पदवी परीक्षेत अग्रस्थान मिळवूनही, केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या आर्थिक साहाय्याने 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. 1892 मध्ये त्यांनी तेथील कायद्याची परीक्षा दिली. मात्र त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदवी प्रदान करीत नसे.

स्वदेशी परतल्यावर 1897 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. पदवी संपादन केली. 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. वाराणसीतील बालाजी घाटाच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत. तथापि, न्यायालयाने त्यांना सनद दिली नाही.

पडदानशीन स्त्रियांना परपुरुषासमोर येता येत नसे. त्यामुळे मालमत्ता असूनही तिच्या रक्षणासाठी त्यांना वकिलाचा सल्ला मिळणे दुरापास्त होते. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नियुक्ती झाल्यानंतर सोराबजी यांनी अशा शेकडो विधवा आणि अनाथ मुलांना कायदेशीर साहाय्य केले.

अखेर 1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची वकील म्हणून नोंदणी केली. 1923 च्या कायद्याने स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी देशभर उठली. परंतु कलकत्त्यात वकिली करताना पूर्वग्रहांमुळे त्यांना प्रामुख्याने लेखी अभिमत देण्याच्या कामावरच समाधान मानावे लागले.

ब्रिटिश राजवटीचे समर्थन आणि महात्मा गांधींच्या चळवळीला असलेला विरोध यामुळे त्यांच्यावर देशात कठोर टीकाही झाली. त्यामुळेच की काय, त्यांचे कार्य दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

1929 मध्ये निवृत्त झाल्यानंतर त्या लंडनमध्ये स्थायिक झाल्या. तेथेच 6 जुलै 1954 रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत 2012 मध्ये त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण करण्यात आले.