विश्लेषण : ‘टॉल बॉय’ मोटारी कशा जन्मल्या? सोइचिरो होंडा यांचा हट्ट आणि त्यांची माघार

ह्युंदाईची सँट्रो १९९८ मध्ये आणि मारुतीची वॅगनआर १९९९ च्या डिसेंबरात भारतात आली, तेव्हा ‘टॉल बॉय’ हा शब्द शोरूममध्ये रुळला. बुटकी आणि लांब तीच गाडी देखणी, असे मानणाऱ्यांनी या उभट गाड्यांकडे पाहून नाके मुरडली. पण नऊवारीतल्या आजीला कंबर न वाकवता थेट सीटवर बसता येते आणि गर्दीच्या रस्त्यात चालकाला पुढचे लांबवर दिसते, हे घराघरांत कळले तसा हा आकार अंगवळणी पडला.

शब्द मात्र जपानमधला आणि जुना. होंडा कंपनीने नोव्हेंबर १९८१ मध्ये तेथे ‘सिटी’ नावाची मोटार आणली, तिच्या रचनेला कंपनीतले लोक ‘टॉल बॉय’ म्हणत. आपल्याकडची लांब डिकीची होंडा सिटी ती ही नव्हे. ती होती अवघी ३.३८ मीटर लांब आणि १.४७ मीटर उंच. आज ही उंची साधी वाटेल, पण त्या काळच्या छोट्या मोटारींच्या रांगेत ती डोके वर काढून उभी राही. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. तरीही ही गाडी समजून घ्यायची तर त्यांचे आयुष्य पाहावे लागते. कारण तिच्या पोटातले इंजिन त्यांच्या आवडीच्या जवळपास उलटे होते, आणि ते तसे असू शकले याचे कारण होंडा आपल्याच कंपनीत एक मोठा वाद हरले होते.

लोहाराचा मुलगा मोटारींकडे कसा वळला?

होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, शिझुओका प्रांतातल्या कोम्यो या खेड्यातला. आज तो भाग हमामात्सू शहरात येतो. वडील गिहेई लोहार होते, पुढे ते सायकली दुरुस्त करू लागले. आई मिका विणकाम करी. पुस्तकी शिक्षणात मुलाचे लक्ष नव्हते. १९२२ मध्ये तो टोकियोच्या ‘आर्ट शोकाई’ या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला, तर पहिले काही महिने मालकाचे मूल सांभाळण्यात गेले. पुढल्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोकियो भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. बरेचसे जुने कामगार गावी परतले आणि या पोराच्या हाती खरे काम आले. विमानाचे जुने इंजिन बसवलेली शर्यतीची मोटार तयार करण्यात त्याने हात लावला, शर्यतीत मेकॅनिक म्हणून शेजारी बसला आणि ती शर्यत जिंकलीही.

१९२८ मध्ये त्याच गॅरेजची हमामात्सू शाखा होंडा यांनी काढली. १९३६ मध्ये तामागावाच्या शर्यतीत स्वतः गाडी चालवताना अपघात झाला, ते आणि त्यांचा भाऊ दोघेही जखमी झाले. त्यानंतर त्यांनी पिस्टन रिंग बनवायचे ठरवले. पिस्टनभोवतीची ही कडी दिसायला साधी असते, पण ओतीव लोखंडात सिलिकॉनचे प्रमाण चुकले की ती तुटते किंवा सिलिंडर खरवडते. होंडा यांना हे माहीत नव्हते. शिकण्यासाठी ते तिशीच्या उंबरठ्यावर तांत्रिक शाळेत जाऊन बसले. परीक्षा मात्र दिल्या नाहीत, म्हणून शाळेने नाव काढून टाकले. टोयोटाकडे तपासणीला पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. (आमच्या मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये ओतकामाचा जॉब पहिल्या खेपेला बिघडला, तेव्हा हा आकडा मला ठाऊक असता तर बरे झाले असते.) पुढे रिंगा जमल्या आणि कारखाना वाढला. युद्धात बॉम्ब पडले, जानेवारी १९४५ च्या भूकंपात एक प्रकल्प कोसळला. युद्ध संपल्यावर होंडा यांनी उरलेला धंदा टोयोटा समूहाला विकला आणि वर्षभर काहीही केले नाही.

१९४६ च्या ऑक्टोबरात त्यांनी हमामात्सूत छोटी शेड उभारली. लष्कराच्या बिनतारी संचांचे जनित्र चालवणारी उरलीसुरली इंजिने विकत घेऊन ती सायकलींना बसवायची, असा तो उद्योग. पहिली टाकी म्हणून अंथरुण गरम करण्याची गरम पाण्याची बाटली वापरली गेली. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढल्या वर्षी ताकेओ फुजिसावा येऊन मिळाले आणि कामाची वाटणी ठरली : कारखाना आणि संशोधन होंडांचे, पैसा आणि विक्री फुजिसावांची. १९५८ च्या ‘सुपर कब’ने कंपनीला जगभर नेले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोटारीच उंच का कराव्या लागल्या?

जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या मोटारींचा वर्ग आहे. कमी कर आणि सोप्या अटी, पण इंजिन आणि मापांवर मर्यादा, असा हा सौदा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ही मर्यादा ३६० सीसी इंजिन, ३ मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी आणि २ मीटर उंची अशी होती. या चार आकड्यांतच पुढची सगळी गोष्ट आहे. लांबी-रुंदीत एक इंचही सवलत नाही, पण उंचीला भरपूर जागा मोकळी. चाळीतल्या खोलीत माळा काढतात, तसे जपानी अभियंत्यांना उशिरा का होईना, वर पाहावेच लागले.

होंडा यांनी मात्र प्रथम वर नाही, इंजिनाच्या वेगाकडे पाहिले. १९६१ मध्ये जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने मोटार उद्योगात नव्या कंपन्यांना वाव न ठेवणाऱ्या धोरणाची तयारी सुरू केली. दार बंद होण्याआधी आत शिरायचे म्हणून होंडांनी घाईने मोटारी बनवायला घेतल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांचा पहिला चारचाकी, टी ३६० हा छोटा मालवाहू ट्रक आला. ३५४ सीसीत चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, ८५०० आरपीएमला ३० अश्वशक्ती. भाजी आणि सिमेंट वाहणाऱ्या गाडीत शर्यतीचे इंजिन! ते विधेयक संसदेत बारगळले, होंडा मात्र बाजारात राहिले.

मार्च १९६७ मध्ये आलेली एन ३६० ही खरी लोकांची मोटार ठरली. इंजिन आडवे ठेवून पुढच्या चाकांना जोडले, चाके कोपऱ्यांत सरकवली आणि ३ मीटरच्या आत चार माणसे बसवली. हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन ३१ अश्वशक्ती देई. त्या वर्गातल्या इतर गाड्या तेव्हा २० च्या आसपास होत्या. किंमत ३ लाख १३ हजार येन. गाडी तुफान खपली.

मग वादळ आले. या गाडीचा तोल वेगात सुटतो, असा आरोप झाला. ग्राहकांच्या एका संघटनेने अपघाती मृत्यूंसाठी होंडा यांच्याविरुद्ध मनुष्यवधाची तक्रार सरकारी वकिलांकडे केली. खटला भरला गेला नाही आणि त्या संघटनेचे पुढारी खंडणीच्या आरोपात अटकेत गेले. पण विक्रीला आणि संस्थापकाच्या मनाला बसायचा तो फटका बसलाच.

हवा की पाणी, हा वाद इतका का पेटला?

इंजिनात इंधन जळते तेव्हा प्रचंड उष्णता तयार होते. ती काढायची कशी? एक मार्ग म्हणजे मोटारसायकलप्रमाणे सिलिंडरला पंखासारखे पातळ पापुद्रे द्यायचे आणि त्यांवरून हवा खेळवायची. दुसरा, सिलिंडरभोवती पाणी फिरवून ते रेडिएटरमध्ये गार करायचे. होंडा यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता : रेडिएटरमधली उष्णताही शेवटी हवेतच जाते, मग पाण्याचा मध्यस्थ कशाला? पाणी नाही तर गळती नाही, गोठणे नाही, वजन कमी.

या हट्टाची पहिली मोठी किंमत शर्यतीच्या मैदानावर मोजावी लागली. त्यांच्या आग्रहातून हवेने थंड होणारी आरए ३०२ ही फॉर्म्युला वन गाडी बनली. संघाचे मुख्य चालक जॉन सर्टीस यांनी ती शर्यतीसाठी तयार नसल्याचे सांगून चालवायला नकार दिला. ७ जुलै १९६८ ला फ्रान्समधल्या रुआँ येथे ती फ्रेंच चालक जो श्लेसर यांच्या हाती दिली गेली. पाऊस, इंधनाने भरलेल्या टाक्या आणि मॅग्नेशियमचे अंग. तिसऱ्या फेरीत गाडी बांधावर आदळून पेटली आणि श्लेसर जागीच गेले. त्याच शर्यतीत सर्टीस होंडाच्याच, पण पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत दुसरे आले. वर्षाअखेरीस कंपनीने फॉर्म्युला वन सोडले.

इतके होऊनही होंडा थांबले नाहीत. १९६९ मध्ये होंडा १३०० ही मोठी मोटार आली, तीही हवेवर. उष्णता आवरण्यासाठी इंजिनाला दुहेरी भिंती, पंखा, तेलाची वेगळी टाकी असे एकेक चढवत गेले. पाण्याचे वजन वाचवण्यासाठी घेतलेले व्रत, आणि गाडीचे नाक जड. ती चालली नाही.

तरुण अभियंत्यांचा धीर सुटला तो प्रदूषणाच्या प्रश्नावर. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान एकसारखे राहत नाही. कुठे सिलिंडर फार तापतो, कुठे कमी. धुरातले घटक काटेकोर ठेवायचे तर तापमानही काटेकोर हवे. अमेरिकेत धूर ९० टक्क्यांनी घटवायला लावणारा कायदा येऊ घातला होता. तादाशी कुमे या अभियंत्याने तर वैतागून काही आठवडे कामावर येणेच सोडले. अखेर मंडळी फुजिसावांकडे गेली. इंजिनात आजवर न बोललेल्या फुजिसावांनी होंडांना एकच पेच घातला : कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचे की अभियंता म्हणून? होंडा यांनी अध्यक्षपद निवडले, म्हणजेच पाण्यावर काम करायला परवानगी दिली. ती मनापासून दिली असे मला वाटत नाही. पण दिली, आणि नंतर मोडता घातला नाही.

माघारीतून काय निघाले?

१९७१ मध्ये ‘लाइफ’ ही पाण्याने थंड होणारे इंजिन असलेली केई मोटार आली. पुढल्या वर्षी तिच्याच पायावर ‘स्टेप व्हॅन’ : छोटेसे नाक आणि त्यामागे सरळसोट उंच डबा, उंची १.६२ मीटर. आजच्या उंच केई मोटारींची ही आजी म्हणायला हरकत नाही. बाजार तयार नव्हता. १९७४ मध्ये कंपनीने केई मोटारींचा वर्गच सोडला आणि लक्ष १९७२ च्या ‘सिव्हिक’वर केंद्रित केले.

सिव्हिकला ताकद दिली ती सीव्हीसीसी इंजिनाने. यात मुख्य सिलिंडरशेजारी एक लहान कोठडी असते. तिच्यात इंधनाचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण पेटवायचे आणि त्या ज्योतीने सिलिंडरमधले विरळ मिश्रण सावकाश जाळायचे. जळण पूर्ण होते, तापमान फार चढत नाही, म्हणून विषारी वायू कमी. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ॲन आर्बर येथील प्रयोगशाळेत या इंजिनाने १९७५ सालासाठीची मर्यादा सर्वांत आधी पार केली.

हे काम सुरू असताना होंडा यांनी बड्या कंपन्यांना गाठायची हीच संधी असल्याचे सांगितले होते. तरुणांना ते आवडले नाही. आपण हे कंपनीच्या चढाओढीसाठी नाही, लोकांच्या हवेसाठी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनी आपल्या पुढे गेली, हे होंडा यांनी यातून ओळखले. ऑक्टोबर १९७३ मध्ये, कंपनीच्या पंचविशीत, ते आणि फुजिसावा एकत्रच पायउतार झाले. होंडा ६६ वर्षांचे होते, नवे अध्यक्ष कियोशी कावाशिमा ४५ चे. नंतर सुमारे दीड वर्ष होंडा जपानभरची दुकाने आणि कारखाने पालथे घालत कामगारांचे आभार मानत फिरले.

सिटीचे इंजिन वेगळे कसे?

सिटी बनवणाऱ्या चमूचे सरासरी वय २७ होते. (आमच्या डेस्कचेही जवळपास तेवढेच.) त्यांचे सूत्र होते, माणसाला जास्तीत जास्त जागा आणि यंत्राला कमीत कमी. त्यासाठी इंजिनच बदलावे लागले.

एन ३६० मध्ये सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६२.५ मिलिमीटर होता आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ५७.८. धाव छोटी असली की पिस्टन भराभर खालीवर होतो, इंजिन उंच स्वरात गाते आणि ताकद वरच्या वेगात मिळते. होंडा यांना हेच गाणे प्रिय. सिटीच्या १२३१ सीसी इंजिनात बोअर ६६ आणि स्ट्रोक तब्बल ९० मिलिमीटर. बारीक पण उंच सिलिंडर. चार बारीक सिलिंडर शेजारी ठेवले की इंजिनाची लांबी घटते, आडवे बसवायला सोपे जाते आणि नाक आखूड होते. लांब स्ट्रोकमुळे कमी वेगातही जोर मिळतो, जो सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या शहरी गाडीला हवा असतो. गाडी उंच होती म्हणून उंच इंजिनही खपून गेले. वाचलेली लांबी माणसांना मिळाली. शिवाय सीट उभी केली की पाय कमी पसरतात, म्हणजे कमी लांबीत माणूस आरामात मावतो.

सिटीच्या डिकीत मावेल अशी ४९ सीसीची घडीची दुचाकी ‘मोटोकॉम्पो’ही सोबत निघाली. १९८२ मध्ये टर्बो आवृत्ती आली, १०० अश्वशक्तीची. या लाकडी खोक्यासारख्या गाडीत इतका जोर पाहून म्हाताऱ्याला आपला टी ३६० आठवला असेल काय, असा विचार मनात येतोच. आणि वाद घालून कामावरून गायब झालेले कुमे? ते १९८३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले.

सोइचिरो होंडा ५ ऑगस्ट १९९१ ला यकृताच्या विकाराने गेले. कंपनीने आपली भव्य अंत्ययात्रा काढू नये, कारण रस्त्यावर वाहतूक तुंबेल आणि मोटारी बनवणाऱ्याने ते करू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांच्याच हमामात्सूतल्या सुझुकीने वॅगनआर आणून उंच केई मोटारींची लाट आणली. होंडा कंपनी या शर्यतीत मागे पडली. २०११ मध्ये तिने ‘एन-बॉक्स’ आणली : उंची पावणेदोन मीटरहून जास्त, इंजिन ६५८ सीसी, तीन सिलिंडर. पुढे ती जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांत अनेकदा पहिली आली. नावातला ‘एन’ एन ३६० च्या आठवणीचा आहे. इंजिन अर्थातच पाण्याने थंड होते.