उघडे कपाट

इटलीतील कियाराव्हाले या गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी मारिया माँटेसरी यांचा जन्म झाला. वैद्यकीचा मार्ग त्या काळी स्त्रियांना सुगम नव्हता. तरीही १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांची शुश्रूषा करताना, या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे असे त्यांना वाटू लागले. अशा रीतीने त्या शिक्षणाकडे वळल्या.

त्या वेळच्या शाळांत बाके जमिनीला खिळलेली असत. मुलांनी हलू नये, एवढाच त्यातील हेतू!

रोममधील सॅन लोरेन्झो ही गरीब मजुरांची वस्ती. आईबाप कामावर गेले की लहान मुले मोकाट हिंडत आणि जिने व भिंती खराब करीत. म्हणून इमारतीतील एका खोलीत त्यांना सांभाळावे असे ठरले व ते काम माँटेसरीबाईंकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे बालगृह सुरू झाले.

एकदा तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी गायला लावली. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने दट्टे तेवढे सावरले आणि काम पुढे चालू केले. चाळीसहून अधिक वेळा ते करून ती थांबली, तेव्हा तिचा चेहरा प्रसन्न होता.

साहित्य कपाटात कुलपाखाली असे व शिक्षिका ते वाटून देत. एके दिवशी त्या उशिरा आल्या. आदल्या दिवशी कुलूप लावायचे राहिले होते. मुलांनी कपाट उघडून हवे ते काढून घेतले होते! ही चोरीच, असे वाटून शिक्षिकेने शिक्षेची भाषा काढली. तुम्हांलाही आधी तसेच वाटले असते. बाईंना मात्र निराळेच दिसले : कोणती वस्तू आपल्याला हवी, हे मुलांना ठाऊक होते. त्यांनी मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे करविली. काम आपण निवडावे आणि झाल्यावर वस्तू जागेवर ठेवावी, असा परिपाठ पडला. दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणण्याची मोकळीक मात्र कोणालाच नव्हती.

ही पद्धती देशोदेशी पसरली. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने प्रथम तिला आश्रय दिला. पण पुढे दोघांचे बिनसले आणि तेथील माँटेसरी शाळा बंद पडल्या. १९३९ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, बाई मद्रासला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. तेवढ्या काळात त्यांनी येथील अनेक शिक्षकांना तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालवाडी काढली. परदेशी पद्धतीचे महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते. ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया आणि पाने मुलांच्या हाती दिली.