बहुजनांसाठी लिहिणारे आचार्य धर्मानंद कोसंबी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीची ओळख करून द्यायची, असा आपला प्रघात आहे. यंदा आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांना निवडलं. विहारातलं पुस्तकांचं कपाट उघडलं की त्यांची दोन-तीन पुस्तकं हाताला लागतातच. एक ध्यानावर, एक भिक्खूसंघावर, एक बुद्धचरित्रावर. पण हा माणूस कुठला, शिकला कुठे, हे विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. काहीजण तर त्यांची आणि त्यांचे गणिती चिरंजीव दामोदर यांची गल्लत करतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साष्टीतल्या सांकवाळ गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. मराठी शाळेची सोय यथातथाच, त्यात प्रकृती नाजूक. शिक्षण अर्धवट राहिलं. पण वाचनाची गोडी लागली होती. मराठी पुस्तक किंवा मासिक मिळालं की ते खाली ठेवत नसत. अशातच ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाची गोष्ट वाचली. मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातला तो एक लहानसा लेख. पण त्या लेखाने या तरुणाचं अख्खं आयुष्य बदललं. छापलेल्या चार पानांत किती बळ असतं, हे आम्हाला इथेच दिसतं.

बुद्धाचा धम्म मुळातून शिकायचा, तर पाली पाहिजे, संस्कृत पाहिजे. गोव्यात दोन्ही मिळणं कठीण. १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि पंडित गंगाधरशास्त्री तेलंगांकडे संस्कृत शिकायचं, असा क्रम चालला. पुढे बुद्धाच्या ओढीने नेपाळ गाठलं. तिथे जे पाहिलं त्याने निराशा झाली, पण माणूस मागे फिरला नाही. बुद्धगया, कलकत्ता असं करत १९०२ मध्ये ते सिलोनला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले, श्रामणेर झाले. तिथून ब्रह्मदेश, तिथल्या भिक्खूंचा सहवास, ध्यानाचा अभ्यास. १९०६ च्या सुमारास ते कलकत्त्याला परतले तेव्हा त्यांच्यापाशी पदवी नव्हती, पैसा नव्हता. पण पाली वाङ्मयाचं ज्ञान असं होतं की सर आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवायला घेतलं. चीवर उतरवून ते गृहस्थाश्रमात परत आले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. घर सोडलं तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. जवळजवळ सात वर्षं त्या बाईने नातेवाइकांच्या आधाराने काढली. नवरा कुठे आहे, परत येईल की नाही, याचा भरवसा नाही. तो काळ कसा असेल याची कल्पना आपल्या आया-बहिणींनीच करावी. थोरांची चरित्रं लिहिताना हे पान गाळायची रीत आहे. आम्ही ते गाळणार नाही. धर्मानंदांच्या पुस्तकांची किंमत त्यांनी एकट्याने मोजलेली नाही, ती बाळाबाईंनीही मोजली आहे.

कलकत्त्यात बस्तान बसलं होतं. पण मन स्वस्थ नव्हतं. ज्ञान मिळवलं ते कुणासाठी? आपल्या मराठी माणसाला त्याचा काय उपयोग? अशात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एक योजना पुढे केली. महाराष्ट्रात कुठल्याही शहरात राहावं, वर्षाला एखादं पुस्तक लिहून द्यावं, महिना ५० रुपये मिळतील. धर्मानंदांनी विद्यापीठातली चांगल्या पगाराची जागा सोडली आणि हे ५० रुपये पत्करले. प्रपंच पाठीशी असताना असा निर्णय घेणं सोपं नव्हे. पण मराठीत बौद्ध वाङ्मयाचा जो पाया पडला, तो या ५० रुपयांवर!

१९१० मध्ये बडोद्याच्या व्याख्यानांवरून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटेखानी पुस्तक निघालं. १९१४ मध्ये ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आलं. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठात पाली सुरू व्हावी म्हणून खटपट केली, ती फळाला आली. १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मधल्या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने ‘विशुद्धिमग्ग’ या महान ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावलं. १९१० ते १९३२ या काळात ते चार वेळा तिकडे गेले. धड शाळा न झालेला गोव्याचा पोरगा हार्वर्डला! मात्र श्रेयावरून तिथे मतभेद झाले आणि तो ग्रंथ प्रत्यक्ष छापून निघाला १९५० साली, त्यांच्या पश्चात.

हार्वर्डचं काम विद्वानांसाठी होतं. मराठीतली पुस्तकं तुमच्या-आमच्यासाठी होती. विषय तरी किती! ‘समाधिमार्ग’ (१९२५) हे मन शांत कसं करावं ते सांगतं. आनापान म्हणजे श्वासावरचं ध्यान, मैत्रीभावना, हे सारं इतकं सोपं करून मांडलं आहे की घरी बसून कुणीही वाचावं. आज ध्यानाच्या शिबिरांना गर्दी होते. हा माणूस शंभर वर्षांपूर्वी ते मराठीत लिहून मोकळा झाला. ‘बौद्ध संघाचा परिचय’ (१९२६) मध्ये संघाचे नियम आणि भिक्खू-भिक्खुणींच्या कथा. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) मध्ये इतिहासाची परखड चिकित्सा. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या शेवटच्या पुस्तकात अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या चार यामांचा विचार. ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मचरित्र तर कादंबरीसारखं वाचून होतं.

सर्वांत मोठं काम ‘भगवान बुद्ध’. १९४०-४१ मध्ये ते दोन भागांत निघालं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी पाली सुत्तं पुढे ठेवून दाखवलं की ही चार दृश्यं मुळात विपस्सी बुद्धाच्या कथेतली आहेत. सिद्धार्थ तर आईवडील रडत असताना, सर्वांदेखत घराबाहेर पडला. आणि कारण? माणसं माणसांवर शस्त्र उगारतात, ते पाहून झालेला उद्वेग. पुढे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा वाद हेच गृहत्यागाचं कारण येतं, हे आपण जाणतोच. याच पुस्तकातल्या मांसाहाराच्या प्रकरणावरून मोठा गदारोळ झाला. पण पुराव्याने जे दिसलं ते लिहायचं, हा बाणा त्यांनी सोडला नाही.

ते केवळ पुस्तकी पंडित नव्हते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला. जुगलकिशोर बिर्लांनी बांधून दिलेल्या या विहारात धर्मानंद काही काळ राहिले. नावातला बहुजन हा शब्द बुद्धाने भिक्खूंना केलेल्या उपदेशातला. पुष्कळांच्या हितासाठी फिरा, असं तथागतांनी सांगितलं होतं. धर्मानंद पायांनीही फिरले आणि लेखणीनेही.

अखेर शरीर थकलं. आता कुणाच्या उपयोगी पडता येत नाही, मग अन्न का खावं, असा विचार करून त्यांनी उपोषण आरंभलं. गांधीजींच्या सांगण्यावरून ते सोडलं, पण प्रकृती सावरली नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचं निधन झालं. मरणाचा तो मार्ग आम्हाला पटत नाही. म्हाताऱ्या माणसाचं नुसतं असणंही घराच्या उपयोगाचं असतं. पण मतभेद सांगायला ते स्वतःच शिकवून गेले, म्हणून हेही नमूद केलं.

धम्मबांधवांनो, ‘बालबोध’च्या चार पानांनी एक धर्मानंद घडवला. आपल्या कपाटात तर त्यांची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. फोटोला हार घालणं सोपं असतं. त्यापेक्षा यंदाच्या वर्षावासात ‘भगवान बुद्ध’चं एकेक प्रकरण विहारात मोठ्याने वाचावं, पोरांना प्रश्न विचारू द्यावेत, पटलं नाही तर वादही घालावा. कपाटाची किल्ली हातोहाती फिरत राहिली, तर तीच आचार्यांना खरी आदरांजली ठरेल.