पुढच्या पानावरची दुरुस्ती

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला म्हणजे कादंबरी झाली, असे वाचकाला वाटते. लिहिणाऱ्याचे खरे काम तिथून सुरू होते. तिसाव्या प्रकरणात ओळख पटलेला माणूस तिसऱ्या प्रकरणात भलतेच बोलून गेलेला असतो. मग मागे जायचे, त्याचे बोलणे बदलायचे, एखादे आवडते प्रकरण जड मनाने काढून टाकायचे. मराठी कादंबरीला खऱ्या अर्थाने पायावर उभे करणाऱ्या हरि नारायण आपट्यांना मात्र अशी मागे जाण्याची सोय फारशी मिळाली नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याचा. चार वर्षांचे असताना आई गेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईच्या हायकोर्टातले वकील. त्यांच्या आधाराने हरिभाऊंचे बालपण मुंबईत गेले. १८७८ मध्ये कुटुंब पुण्याला आले आणि पुढे ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. तिथे आगरकर शिक्षक होते. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा या विशीतल्या विद्यार्थ्याने त्यावर तब्बल ७२ पानांचे परीक्षण लिहिले. गुरूंच्या मजकुराची इतकी बारकाईने झडती घेणारा हा मुलगा! कुठला शब्द कुठे नडतो हे त्याला कळत नव्हते असे कोण म्हणेल?

पण स्वतःच्या लिखाणावर तसा वेळ घालवणे त्याच्या नशिबी नव्हते. ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः आली. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले आणि १९१७ पर्यंत हरिभाऊंनी ते चालवले. हप्ता वेळेवर हवा, कारण घरोघरी लोक वाट पाहात बसलेले. छापून गेलेला हप्ता परत बोलावता येत नाही. पुस्तक काढताना चार शब्द सुधारता येतील, पण वाचकांच्या मनात बसलेली पात्रे आणि घडून गेलेले प्रसंग कसे बदलणार? तिकडे इंग्लंडात डिकन्सनेही असेच भागाभागाने लिहिले होते.

मी बँकेत आयुष्य काढले. तिथे खतावणीत चुकीची नोंद झाली तर ती खरवडून काढायची नसते. पुढे उलटी नोंद करून हिशेब जुळवायचा असतो. हरिभाऊंनी कादंबरीत नेमके हेच केले, असे मला वाटते. त्यांचा दुसरा खर्डा म्हणजे त्यांची पुढची कादंबरी.

‘मधली स्थिति’ला रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा आधार होता. माणसे इथली, पण सांगाडा परका. तो दोष त्यांनी ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’मध्ये भरून काढला. इथे उसन्या कथानकाची गरजच उरली नाही. यमुना स्वतःच आपली कहाणी लिहिते. माहेर, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबर मिळालेले मोकळ्या हवेचे थोडे दिवस, मग वैधव्य आणि सक्तीने केलेले केशवपन. हप्त्यांच्या लेखनात पसरटपणा येतो, मधेच विषयांतर होते, मागचे पुन्हा सांगावे लागते. एरवी हे दोषच. पण घरातल्या कोपऱ्यात बसून लिहिणारी, फारसे शिक्षण न मिळालेली बाई असेच लिहिणार! जी उणीव खोडता येत नव्हती, तिला हरिभाऊंनी यमुनेचा आवाज दिला. १८९३ मध्ये पुस्तक निघाले. पुढे ‘मी’मध्ये त्यांनी हीच आत्मकथनाची रीत एका पुरुषाला, समाजसेवेला वाहून घेणाऱ्या भावानंदाला दिली.

या रीतीची किंमतही त्यांना मोजावी लागली. ‘गणपतराव’, ‘कर्मयोग’ यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एकीकडे चुलत्यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाचा कारभार, दुसरीकडे पुण्याच्या नगरपालिकेचे काम, शिवाय साप्ताहिकाचा रगाडा. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होण्याच्या आत, हरिभाऊ गेले. सावकाश मागे वळून सगळे पुन्हा लिहावे, अशी उसंत मिळालीच नाही.

आज गिरगाव-दादरकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात त्यांचे जाडजूड पुस्तक हाती आले, की प्रथम त्याच्या लांबीनेच दडपायला होते. अशा वेळी ते सलग वाचूच नये. आठवड्याला दोन प्रकरणे, तीही घरात कुणीतरी मोठ्याने वाचावीत. यमुना मुंबईला निघेपर्यंत तिच्यात जीव गुंतलेला असतो आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असूनही पुढचा हप्ता चुकवावासा वाटत नाही.