निराधारांचे गाडगेबाबा

संत गाडगेबाबा म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो हातातील खराटा, डोक्यावरचे फुटके गाडगे आणि अंगावरचा चिंध्यांचा अंगरखा. राज्य शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि बाबांचे नाव स्वच्छतेशी कायमचे जोडले गेले. हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे त्यांच्या जीवनकार्याचा एक मोठा भाग काहीसा झाकोळला गेला. म्हातारे, आंधळे, पांगळे, महारोगी, ज्यांना घर नाही किंवा घर असून घरात जागा नाही अशा माणसांसाठी त्यांनी उभी केलेली व्यवस्था हा तो भाग होय. बाबांनी खराटा हाती घेऊन गाव झाडले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच हातांनी त्यांनी निवारा, अन्न, वस्त्र आणि उपचार यांची एकमेकांत गुंफलेली साखळी महाराष्ट्रभर कशी उभारली, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

वऱ्हाडातील बालपण

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. डेबूजी तेव्हा लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, रात्री भजनात रमणे असे त्याचे दिवस होते. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

मामांचे घर खाऊनपिऊन सुखी होते. पण सावकाराच्या कागदांवर अंगठे उठवताना काय लिहिले आहे, हे त्या घरात कोणालाच वाचता येत नव्हते. कर्ज फिटत नव्हते आणि जमीन हातची जात होती. त्या धक्क्याने मामा खचले व गेले. उतारवयात कर्त्या मुलाचे जाणे सोसणाऱ्या आजी-आजोबांचे हाल डेबूजीने पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता ही तीन माणसे खाणारी भुते आहेत, असे ते पुढे आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिले. त्याची मुळे दापुऱ्याच्या या घरात होती. या तिन्हींचा शेवटचा घाव घरातल्या म्हाताऱ्यांवर बसतो, हेही त्यांनी तिथेच अनुभवले होते.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला, मुले झाली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी आई, पत्नी आणि मुले यांना मागे ठेवून घराबाहेर पडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मडके. तेच मडके जेवणाचे ताट, पाण्याचे भांडे आणि डोक्यावरची टोपी. लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले, कोठे गोधडीबुवा, तर कोठे चिंधेबुवा.

ऋणमोचनचा घाट

पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन हे वऱ्हाडातील लहानसे तीर्थ. पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरण्याची वाट चढणीची आणि निसरडी होती. स्नान करून ओलेत्याने वर येणारे यात्रेकरू, विशेषतः वृद्ध स्त्री-पुरुष, चिखलात घसरून पडत. बाबांनी आधी एकट्याने माती-दगड वाहून तेथे पायऱ्यांसारखी वाट केली. मग लोक पुढे आले, वर्गणी जमली आणि १९०८ मध्ये पक्का घाट बांधला गेला.

बाबांच्या साऱ्या कामाची रीत या घाटात दिसते. त्यांनी वृद्धांविषयी कळवळ्याचे प्रवचन दिले नाही. म्हातारा माणूस नेमका कोठे घसरतो ते पाहिले, तेथे स्वतः काम सुरू केले आणि मग गावाला त्यात ओढले. यात्रेत त्यांनी अंध-पंगूंना जेवू घालण्याचा प्रघातही पाडला. पंगत उठल्यावर स्वतः मात्र त्या अन्नाला हात लावायचा नाही, गावात जाऊन कोणाचे तरी काम करायचे आणि मिळालेली भाकरी गाडग्यात घेऊन खायची, हा त्यांचा नेम होता.

पंढरपूरच्या रस्त्यावरचे म्हातारपण

तीर्थक्षेत्र आणि वार्धक्य यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावातून एखादा शेतकरी पंढरपूरला निघतो, तो पुष्कळदा संसाराच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर. म्हणजे पाय थकू लागल्यावर. पैनगंगेच्या खोऱ्यातून भीमेच्या काठापर्यंतचा तो प्रवास म्हाताऱ्या शरीराला सोपा नव्हता. पोहोचल्यावर उतरायचे कोठे, हा प्रश्न त्याहून अवघड. ज्याच्याजवळ पैसा, त्याला बडव्यांच्या वाड्यात जागा. गरिबाला वाळवंट आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला वाळवंटातही एक कोपरा. जे आजारी पडत ते तेथेच पडून राहत. जे परत जाऊ शकत नसत ते भिकाऱ्यांच्या रांगेत मिसळत. नाशिक, आळंदी, देहू येथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र होते.

निराधार वृद्धांसाठी संस्था काढण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकातच अनाथ-पंगूंसाठी आश्रय उभा राहिला होता. परंतु असे प्रयत्न मोठ्या शहरात आणि धनिकाच्या औदार्यावर उभे असत. गाडगेबाबांजवळ धन नव्हते. त्यांच्याजवळ कीर्तन होते.

१९१७ च्या सुमारास त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. ज्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती, त्यांना हक्काचे छप्पर मिळावे हा तिचा हेतू. पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू असा धर्मशाळांचा पसारा वाढत गेला. १९३२ पासून सदावर्ताची व्यवस्था आकारास आली. नाशिकला अंध, पंगू, वृद्ध व महारोगी यांना केवळ शिजवलेले अन्न वाढून बाबा थांबले नाहीत. त्यांचे केस कापणे, त्यांना तेल लावून आंघोळ घालणे, जखमा धुणे, नवे कपडे देणे आणि मग पंगतीला बसवणे असा तो क्रम असे. महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळात बाबा स्वतः त्यांना आंघोळ घालीत.

यात एक बारीक विचार होता. भुकेल्याला अन्न मिळाले तरी तो रस्त्यावरच झोपणार असेल, तर रात्रीच्या थंडीत आजारी पडणार. छप्पर मिळाले पण अंग जखमांनी भरलेले असेल, तर त्याच्या शेजारी कोणी बसणार नाही. म्हणून अन्न, निवारा, स्वच्छता, वस्त्र आणि उपचार या गोष्टी सुट्या सुट्या ठेवून चालत नाही. आज वृद्धसेवेच्या क्षेत्रात एकात्मिक सेवा म्हणून ज्याची चर्चा होते, ती एका अक्षरशत्रू माणसाने आपल्या अनुभवातून ओळखली होती. त्यांची खराट्याची निष्ठाही या साखळीतलीच एक कडी होती. घाणीने येणारा रोग आधी दुर्बळालाच गाठतो, हे त्यांनी जाणले होते.

विश्वस्त, पण स्वतः नव्हे

लाखो रुपये उभे करणारा हा माणूस स्वतः पैशाला शिवत नसे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढत त्यांना विचार करायला लावायचे. देणगी द्यायची असेल त्याला ती थेट बांधकामाच्या किंवा अन्नछत्राच्या कामी लावायला सांगायचे. प्रत्येक इमारतीसाठी विश्वस्त नेमले जात आणि व्यवस्थेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली जाई. विश्वस्तपत्र करताना आपला किंवा आपल्या नात्यागोत्यातील कोणाचा त्या मालमत्तेवर हक्क राहू नये, यावर बाबांचा कटाक्ष असे. शिष्य करायचे नाहीत, पाया पडू द्यायचे नाही, गादी निर्माण करायची नाही. यामुळे व्यक्तीभोवती फिरणारा मठ तयार झाला नाही. कामाभोवती फिरणाऱ्या संस्था तयार झाल्या.

नेतृत्व म्हणून याकडे पाहिले तर त्याची दोन अंगे दिसतात. एक म्हणजे सतत फिरती. बाबा एका जागी फार काळ थांबत नसत. कोठल्या धर्मशाळेत काय उणे आहे, ते स्वतः जाऊन पाहत. लिहिता येत नसल्याने पत्रे दुसऱ्यांकडून लिहवून घेत. दुसरे अंग म्हणजे काम योग्य हाती सोपवून बाजूला होण्याची तयारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना अपार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. ज्या वास्तूसाठी गावोगाव कीर्तने केली, ती विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी अधिक उपयोगी पडेल असे वाटताच तिच्यावरचा हक्क सोडताना ते अडखळले नाहीत.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कार्याला एक सामायिक रूप मिळाले. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. तिच्यामागची दृष्टी तीर्थक्षेत्रीचीच होती. खेड्यातून आजारी माणसाला मुंबईला आणले की रुग्णाला खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेली म्हातारी आई किंवा थकलेला बाप पदपथावर पथारी टाकतो. उपचार चालू असताना कुटुंबाचे काय, हा प्रश्न बाबांनी रुग्णालयाच्या दारात जाऊन सोडवायला घेतला. पुढे मिशनच्या दादर येथील धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांची व त्यांच्या आप्तांची सोय होऊ लागली.

स्वतःच्या घराची किंमत

या चरित्राची एक बाजू वाचकाला अस्वस्थ करते. ज्यांनी परक्यांच्या आईबापांसाठी छप्पर बांधले, त्यांच्या स्वतःच्या आईला आणि पत्नीला मात्र त्या छपराचा आधार त्यांनी घेऊ दिला नाही. धर्मशाळा लोकांच्या पैशाची. तेथे आपल्या माणसांनी राहिले किंवा जेवले तर विश्वासाला तडा जाईल, अशी त्यांची धारणा होती. सखूबाई आणि कुंताबाई यांनी झोपडीत राहून, कष्ट करून दिवस काढले. १९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद कुत्र्याच्या दंशाने गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. बातमी कळल्यावरही त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

याला वैराग्य म्हणावे की निष्ठुरता, हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपल्यापुरता सोडवावा असाच आहे. सार्वजनिक पैशातून कुटुंबाला दूर ठेवणे आणि कुटुंबाच्या वाट्याला आपण स्वतःही न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल त्यांचे ऋण मानावे लागते. दुसरीची किंमत सखूबाई व कुंताबाई यांनी मोजली. आपल्या संस्थांच्या इतिहासात या दोन स्त्रियांचे नाव क्वचितच येते. पण त्या कष्टांवाचून बाबांची फिरती शक्य झाली नसती.

अखेरचा प्रवास

१९५६ साल उजाडले तेव्हा बाबांनी ऐंशी वर्षे पूर्ण करत आणली होती. शरीर थकले होते; पण फिरती थांबली नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आणि त्यांचा आवाज पुढच्या पिढ्यांसाठी राहिला. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली. त्या आघाताने ते खचले. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासातच अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी त्यांची प्राणज्योत मालवली. हजारोंच्या उतारवयासाठी घरे बांधणाऱ्या या माणसाने शेवटचा श्वासही रस्त्यावरच घेतला. अमरावतीत आज गाडगेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात त्यांची समाधी आहे. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

बाबांच्या निधनानंतर काळ बदलला. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा केंद्रीय कायदा २००७ मध्ये आला. श्रावणबाळाच्या नावाने राज्यात निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन योजना आहे. तरीही दापुऱ्याच्या घरातील प्रसंग वऱ्हाडातून पुसला गेलेला नाही. कर्जापायी कर्ता मुलगा आयुष्य संपवतो आणि मागे म्हातारे आईबाप उरतात, हे दुःख यवतमाळ जिल्ह्याने गेल्या काही दशकांत वारंवार पाहिले आहे. अशा घरातील म्हातारीला निवृत्तिवेतनासाठी एका दारात, औषधासाठी दुसऱ्या आणि धान्यासाठी तिसऱ्या दारात उभे राहावे लागते. ती दारे जोडणारा माणूस गावात असेल तरच योजना तिच्यापर्यंत पोहोचते.

बाबांनी आयुष्यभर केले ते हेच दारे जोडण्याचे काम. त्यांच्या जयंती-पुण्यतिथीला गावोगाव खराटे हाती घेतले जातात, ते घ्यावेतच. झाडून झालेल्या त्या रस्त्याच्या कडेला एखादे बंद दार असते, आत एकटे म्हातारे माणूस असते. बाबा त्या दारापाशी नक्की थांबले असते.