बंदिवासिनी महाराणी येसूबाई

ज्युबिली म्हटली की पताका, मिरवणूक, पवित्र मिस्सा आणि पंगती आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु हा शब्द मूळचा सुटकेचा आहे. दर पन्नासावे वर्ष पवित्र मानावे आणि त्या वर्षी दास्यात पडलेल्या प्रत्येकाने आपल्या कुळाकडे व आपल्या वतनाकडे परत जावे, असा नियम जुन्या करारातील लेवीय ग्रंथात घालून दिलेला आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी चरित्र लिहावयाचे ठरले तेव्हा, आपल्या कुळाकडे परत येण्यासाठी जिला जवळजवळ तीस वर्षे वाट पाहावी लागली, अशा एका युद्धबंदी स्त्रीची आम्ही निवड केली. ती स्त्री म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई होत. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या. परंतु सद्गुण जेथे दिसेल तेथे त्याचा आदर करावा, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

शिवाय हा इतिहास आपल्या दारातला आहे. आपल्या खुटबावच्या उत्तरेकडून भीमा वाहते. तिच्या वरच्या अंगाला तुळापूर आहे आणि खालच्या अंगाला, दौंडच्या पलीकडे, पेडगावचा बहादूरगड आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे पकडले गेलेले संभाजी महाराज याच बहादूरगडी बादशहा औरंगजेबापुढे आणले गेले आणि ११ मार्च रोजी भीमेच्याच काठी त्यांचा क्रूरपणे वध झाला. येसूबाईंच्या परीक्षेचा काळ येथून सुरू झाला.

येसूबाई ह्या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. शिवछत्रपतींच्या घरात त्या लहान वयातच सून म्हणून आल्या आणि तेथील राज्यकारभार त्यांनी जवळून पाहिला. पतीच्या वधाची वार्ता आली तेव्हा त्या रायगडावर होत्या आणि त्यांचा मुलगा शाहू अवघ्या सहा वर्षांचा होता. अशा वेळी आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवावे, असे कोणाही मातेस वाटले असते. परंतु येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम महाराज यांस पुढे केले. सगळे राजकुटुंब एकाच गडावर राहिले तर सगळेच शत्रूच्या हाती पडेल, हे त्यांनी ओळखले होते. २५ मार्च रोजी मोगल सरदार इतिकादखान याने रायगडास वेढा घातला. ५ एप्रिल रोजी राजाराम महाराज गडावरून निसटले व पुढे दूर दक्षिणेस जिंजीला पोहोचले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या. त्यांनी गड सुमारे सात महिने लढविला आणि अखेर अभयाचे वचन घेऊन ३ नोव्हेंबर १६८९ रोजी तो खाली केला. त्यांच्याबरोबर शाहू, शिवछत्रपतींच्या राणी सकवारबाई आणि इतर अनेक माणसे कैद झाली.

हा बंदिवास अंधारकोठडीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बादशहाने बालशाहूस राजा ही पदवी व सात हजारांची मनसब दिली आणि त्यांचे तंबू गुलालबारात, म्हणजे स्वतःच्या डेऱ्याभोवतीच्या राखीव आवारात, ठेविले. त्यांची स्वतःची माणसे व स्वतःचे देवधर्म चालू राहिले. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने या मायलेकरांवर माया केली, असे मराठी परंपरा आवर्जून सांगते. शत्रूच्या घरातही दयेचा झरा असू शकतो, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. त्याच युद्धात पकडल्या गेलेल्या साध्या शिपायांस मात्र असे तंबू व अशी मनसब कोठून मिळणार? त्यांची नावेही इतिहासाने राखली नाहीत.

तरीही कैद ती कैदच. मोगलांची छावणी म्हणजे एक फिरते शहर होते. कधी विजापूर, कधी भीमेकाठचे ब्रह्मपुरी, कधी पुणे, कधी खेड असा तिचा मुक्काम हलत राही. १७०० च्या पावसाळ्यात खवासपूर येथे माण नदीच्या पुरात एका रात्रीत छावणी वाहून गेली आणि पळताना खुद्द बादशहाचा गुडघा कायमचा अधू झाला. अशा छावणीशी या कैद्यांचे जीवित बांधलेले होते. पैशाचीही ओढाताण होती. येसूबाईंनी छावणीतून चिंचवडच्या देवांकडे मदतीसाठी पत्र लिहून आपली अडचण कळविली होती. एका छत्रपतींच्या राणीने कर्जाची चिंता करावी, यावरून त्या मनसबीचे खरे मोल समजते.

सर्वांत कठीण प्रसंग सद्सद्विवेकाचा होता. शाहूने धर्म बदलावा असा बादशहाचा आग्रह पडला आणि त्याने तो मानला नाही. तेव्हा प्रतापराव गुजरांच्या दोघा मुलांनी त्याच्या ऐवजी धर्मांतर पत्करून त्याच्यावरील संकट टाळले, असे सांगतात. श्रद्धा ही ईश्वराने दिलेली देणगी आहे. ती बळाने लादता येत नाही, ही ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. म्हणून जुलमापुढे न वाकलेल्या त्या मुलाबद्दल आणि त्याला घडविणाऱ्या त्या मातेबद्दल आम्हांस आदर वाटतो.

१७०७ च्या आरंभी अहमदनगर येथे औरंगजेब मरण पावला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि कैद्यांना त्याने बरोबर घेतले. मे महिन्यात, भोपाळजवळील दोराहा येथून, शाहूस सोडण्यात आले. शाहू परत गेला तर मराठ्यांत दुही माजेल, असा मोगलांचा हिशेब होता. परंतु ही सुटका फुकट नव्हती. येसूबाई, शाहूची पत्नी सावित्रीबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस म्हणून मागे ठेवण्यात आले. अठरा वर्षे ज्याला जपले तो मुलगा दक्षिणेच्या वाटेला लागला आणि आई उत्तरेकडे नेली गेली.

येथे आम्हांस संत पेत्र नोलास्को यांची आठवण होते. बंदिवानांच्या सुटकेसाठी १२१८ साली त्यांनी बार्सिलोना येथे एक संन्यासी संघ स्थापिला. त्या संघातील बंधू नेहमीच्या तीन व्रतांखेरीज चौथे एक व्रत घेत, ते असे की गरज पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहावयाचे. येसूबाईंनी असे कोणतेही व्रत घेतले नव्हते आणि त्यांची संमतीही कोणी विचारली नव्हती. तथापि त्या व्रताचे पालन त्यांना पुढील बारा वर्षे करावे लागले.

ती बारा वर्षे कशी होती याचा विचार करावा. ज्या आझमशहाने कैदेच्या अटी ठरविल्या तो महिन्याभरातच लढाईत पडला. त्यानंतर बहादूरशहा आला व मेला. जहांदारशहा आला व मारला गेला. फर्रुखसियर आला व पदच्युत झाला. गादीवरचे धनी बदलले, परंतु दिल्लीतील या कैद्यांची सुटका झाली नाही. इकडे शाहू महाराजांचा १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला; तो सोहळा मातेस पाहावयास मिळाला नाही. पुढे सय्यद बंधूंशी तह झाला आणि पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीस गेले. १७१९ च्या फेब्रुवारीत तेथील दंगलीत दीड हजारांच्या आसपास मराठे मारले गेले. त्यांच्या रक्ताचे मोल देऊन चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणि राजमाता यांना घेऊन पेशवे परतले. ४ जुलै १७१९ रोजी येसूबाई साताऱ्यास पोहोचल्या. रायगड सोडून एकोणतीस वर्षे आणि आठ महिने झाले होते.

इतका काळ मनुष्य कशाच्या बळावर टिकतो? केवळ सुटकेच्या आशेवर टिकत नाही, असे आम्हांस वाटते. कारण आशा दरवर्षी फसते आणि फसलेली आशा मन पोखरते. जो दुसऱ्या कोणासाठी जगतो तो टिकतो. येसूबाईंनी प्रथम राज्यासाठी दिरास वाट करून दिली, मग मुलास वाढविले आणि अखेर त्याच्या सुटकेची किंमत स्वतःच्या आयुष्याने भरली.

याचे फळही दिसून आले. १७३० साली कोल्हापूरच्या संभाजीराजांशी झालेल्या लढाईत ताराबाई व जिजाबाई या शाहू महाराजांच्या हाती सापडल्या. ताराबाईंनी त्यांच्याशी अनेक वर्षे वैर केले होते. तरीही महाराजांनी त्यांना सन्मानाने पन्हाळ्यास परत पाठविण्याची तयारी केली. जिजाबाई परत गेल्या. ताराबाई मात्र आपल्या इच्छेने साताऱ्यास राहिल्या. जो स्वतः कैदेत वाढला, त्याने कैद्यांशी कसे वागावे हे मातेच्या तंबूत शिकून घेतले होते.

बंदिवानांची भेट घेणे व त्यांना सोडविणे ही दयेची कृत्ये आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहेत. या ज्युबिलीच्या निमित्ताने ती आचरणात आणू या. तुरुंगात, कर्जात, व्यसनात किंवा जुन्या वैरात अडकलेला एखादा मनुष्य आपल्या गावात, कदाचित आपल्याच घरात, असेल. त्याच्याकडे जाऊ या. तो आपल्या कुळाकडे परत आला, तरच आपली ज्युबिली खरी झाली असे म्हणता येईल.